होल्डवरचं पान

त्यांचं आत्मचरित्र माझ्या घरी पहिल्यांदा आलं ते दोन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये आवळून. चार कोपऱ्यांना चार बोल्ट आणि त्यांवर हाताने फिरवायचे नट. मी चहा टाकून बाहेर आले तर गृहस्थ समोरासमोरचे कोपरे धरून एकेक नट थोडा थोडा सैल करत होते. एकच नट एकदम काढला तर पत्रा वाकतो, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. चहा निवला, त्यावर साय धरली, तरी पहिलं पान काही माझ्या हाती आलं नाही.

हे नव्वदच्या दशकातलं. मी तेव्हा नाशकात घरी बसून लोकांची हस्तलिखितं सुधारून द्यायचं काम करायची. अशोक स्तंभाजवळ एक छापखाना होता, त्याचे मालक माझ्याकडे माणसं पाठवायचे. त्या सुमारास शहरातल्या निवृत्त लोकांमध्ये आत्मचरित्राची साथच आली होती. मुख्याध्यापक, तहसीलदार, बँकेतले, पाटबंधारे खात्यातले, सगळ्यांना आपापला जन्म छापून हवा होता. बहुतेकांची सुरुवात गरीब पण सुसंस्कृत कुटुंबापासून व्हायची आणि मी ती ओळ डोळे झाकून खोडायची. हे गृहस्थ ओझरच्या विमान कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. तिथे ते इन्स्पेक्टर होते. दुसऱ्याने बनवलेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि तो विमानाला लावायच्या लायकीचा आहे की नाही ते सांगायचं, हेच काम त्यांनी उभा जन्म केलं. त्यांची पहिली ओळ होती, ‘माझा जन्म झाला तेव्हा मी हजर होतो, परंतु मला त्यातलं काही आठवत नाही, खालील माहिती आईकडून.’ ही ओळ मी खोडली नाही.

मी त्यांना काका म्हणाले, तर ते म्हणाले की मी तुमच्या वडिलांचा भाऊ नाही. साहेब म्हटलं, तर साहेब आमचे वेगळे होते, म्हणाले. शेवटी मी त्यांना काहीच म्हणेनाशी झाले. आमच्या घरात त्यांचा उल्लेख ‘इन्स्पेक्टर’ असा व्हायचा, आणि ‘आज इन्स्पेक्टर येऊन गेले’ हे जिन्यात ऐकून शेजारच्या बाई काही दिवस आमच्याशी जरा बेतानेच बोलत होत्या. त्यांच्या बायकोला मात्र मी पहिल्या भेटीपासून काकू म्हणत आले. त्याला दोघांपैकी कुणीच कधी हरकत घेतली नाही. मला ते मॅडम म्हणायचे, आणि रागावले की ‘संपादक मॅडम’.

रागवायचे वारंवार. मी माझ्या सवयीने त्यांच्या कोरड्या वाक्यांवर जरा हात फिरवला होता. कारखान्यातल्या पहिल्या दिवसाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘गेटवर गेलो. नाव सांगितलं. आत घेतलं.’ मी तिथे ऊर अभिमानाने भरून आल्याचं घातलं. पुढच्या आठवड्यात ते पान परत आलं तेव्हा त्याला लाल कागदाची पट्टी चिकटवलेली होती. तुम्ही तिथे होतात का, असं त्यांनी विचारलं. नव्हते, म्हटलं. मग ऊर भरल्याचं कुणी पाहिलं? माझ्या तर पोटात कळ होती, आदल्या रात्रीच्या वांग्याची. मी म्हटलं, मग वांग्याचं लिहा. त्यांनी लिहिलं.

त्या पट्ट्यांची भानगड अशी होती. पांढरी पट्टी म्हणजे पास. पिवळी म्हणजे रिवर्क, पुन्हा काम करून आणा. लाल म्हणजे स्क्रॅप, भंगारात. कारखान्यातली पद्धत त्यांनी जशीच्या तशी घरी आणली होती. काकू म्हणायच्या, “स्वयंपाकालासुद्धा पट्ट्या लागायच्या, पण मी एकदाच लाल पट्टी त्यांच्या ताटात वाढली, तेव्हापासून बंद झाल्या.”

पण खरी अडचण पट्ट्यांची नव्हती, सह्यांची होती. कारखान्याचा एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता. ज्याने भाग बनवला त्याने तो तपासायचा नाही. तपासणारा दुसराच असला पाहिजे. त्यांचं म्हणणं, हे चरित्र लिहिलंय मी, म्हणजे तपासायला मी चालणार नाही. आणि तुम्हीही नाही मॅडम, तुम्ही तिथे नव्हता. मग कोण? तर ज्या पानावर ज्याचं नाव येतं त्याने ते पान वाचायचं आणि समासात ‘वाचलं. असंच झालं.’ असं लिहून सही करायची. सही नाही तर पांढरी पट्टी नाही, आणि पांढरी पट्टी नाही तर पान छापायचं नाही. मी पुष्कळ समजावलं की आत्मचरित्र असं कुणी लिहीत नाही. ते म्हणाले, म्हणूनच त्यांची विमानं उडत नाहीत.

त्यामुळे निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात तसे हे पत्र्यात पान आवळून सह्या गोळा करत हिंडत राहिले. एका पानावर मखमलाबादहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईचं एका ओळीपुरतं नाव होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी भर बाजारात, मेथीच्या ढिगापलीकडे उभं राहून तिला अख्खं पान मोठ्याने वाचून दाखवलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. मी तेव्हा योगायोगाने तिथेच होते आणि मला कुठे पाहावं कळेना. बाईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाकी काय बी लिवा, पण माझी भाजी शिळी लिवली तर पान फाडीन. शिळी लिहिलीच नव्हती. तिने मातीचा अंगठा उठवला आणि इन्स्पेक्टर त्या अंगठ्यावर फुंकर मारत घरी गेले.

कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याने भिडेखातर पान न वाचताच सही केली. हे त्यांच्या लक्षात आलं, कारण त्या पानावर त्यांनी सोबत्याच्या घरी जेवल्याचं लिहिलं होतं आणि सोबती तेव्हा अविवाहित, खानावळीत जेवणारा होता. दुसऱ्या कुणाकडचं जेवण चुकून त्याच्या नावावर पडलं होतं. ते पान त्यांनी सहीसकट स्क्रॅप केलं. सोबत्याला वाईट वाटलं. तुमच्या मैत्रीपायी मी सही दिली, असं तो म्हणाला. हे म्हणाले, मैत्रीपायी दिलेल्या सहीने माणसं मरतात. आता आत्मचरित्राने कोण मरणार होतं, पण हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

सर्वांत मजा काकूंच्या पानाची. लग्नानंतर पहिली काही वर्षं ही दोघं देवळाली कॅम्पात एका खोलीत राहायची. त्यांनी लिहिलं होतं की तिकडे तोफांचा सराव चाले आणि त्याच्या हादऱ्याने मांडणीवरची भांडी पडत. काकूंनी चष्मा लावून पान वाचलं आणि सही करायला नकार दिला. भांडी तोफेने पडत नव्हती, त्या म्हणाल्या, मी आदळत होते. कशाबद्दल, असं इन्स्पेक्टरांनी विचारलं. तुम्ही कामावरून आलात की ताटलीचा काठ बोटाने चाचपून बघायचा, त्याबद्दल. इतक्या वर्षांत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी पेन काढून दुरुस्ती केली: ‘भांडी पडत. कारणे दोन.’ काकूंनी सही केली. त्या पुस्तकातली माझी सर्वांत आवडती ओळ हीच.

असं करत करत आत्मचरित्र रोडावत गेलं. जे सही करायला हयात नव्हते, त्यांची पानं गेली. ज्यांना आठवत नव्हतं, त्यांचीही गेली. छापखान्याचे मालक माझ्यावर चिडायचे, की बाई, तुम्ही पुस्तक सुधारताय का संपवताय? पण जे उरलं ते सोन्यासारखं होतं, हे मला आज सांगायला काही वाटत नाही. मी तोवर पुष्कळांची आयुष्यं सुधारली होती आणि त्यात किती भर घातलेली असते ते मला माहीत होतं. या माणसाच्या पानावर मी नुसतं बोट ठेवलं तरी खालची जमीन लागायची.

फक्त एका पानाला कुठलीच पट्टी नव्हती.

ते पान पत्र्यांमध्ये नेहमी सर्वांत खाली असायचं. मी विचारलं तेव्हा त्यांनी ‘होल्ड’ एवढंच उत्तर दिलं. होल्ड म्हणजे पास नाही, नापास नाही, बाजूला ठेवलेलं. ते आईच्या मृत्यूचं पान होतं. इन्स्पेक्टर मूळचे घोटीकडचे. भाताची शेती, आई-वडील आणि एक धाकटा भाऊ. वडील आधी गेले. हे शिकून कारखान्यात लागले, धाकटा शेतीवर राहिला. आई गेली ती आवणाच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. पानावर होतं: ‘आईला शेवटचं पाहिलं तेव्हा ती हिरवं लुगडं खोचून बांधावर उभी होती. ती गेल्याचा निरोप मला शिफ्ट सुटताना मिळाला. मी तसाच निघालो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. माझ्यासाठी कोणी थांबलं नाही.’

आमच्याकडे आईला अग्नी धाकट्याने द्यायचा असतो, त्यामुळे तक्रार त्याची नव्हती. तक्रार होती ती तोंड पाहायला न मिळाल्याची. त्या संध्याकाळी सगळ्यांदेखत हे भावाला बोलले, भाऊही बोलला, आणि हे न जेवता परत फिरले. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. काकू लग्नकार्याला घोटीला जाऊन यायच्या, हे जायचे नाहीत. आई तर नव्हती, तेव्हा त्या पानावर तिथे हजर असलेल्या भावाची सही हवी होती. बाकी सगळं पुस्तक पास झालं होतं.

मी त्यांना सुचवलं की हे पान गाळू. ते म्हणाले, ते पान नसेल तर पुस्तक कशाला पाहिजे? मग सहीशिवाय छापू. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, की हे सगळं लिहायला घेतलंय ते त्या एका पानासाठी. त्यांना भावाकडे जायचंय आणि जाता येत नाही. मला ते ऐकून फार वाईट वाटलं. इतकी सगळी माणसं, तो भाजीबाजार, त्या सह्या, हा माणूस घोटीच्या भोवती नुसत्या फेऱ्या मारत होता.

शेवटी पान घेऊन मी आणि काकू गेलो. सीबीएस स्टँडवरून एसटी धरली, घोटीच्या पुढे थोडं चालावं लागलं. धाकटे ओट्यावर बसले होते, अंगात बनियन, गुडघ्यापर्यंत धोतर, चेहरा हुबेहूब भावाचा, फक्त उन्हाने रापलेला. काकूंना पाहून उठले, पाणी दिलं, आणि आलेल्या कामाचं कळल्यावर पान हातात घेऊन सावकाश, ओठ हलवत वाचलं. दोनदा वाचलं असावं. मग त्यांनी ते घडी न घालता मला परत दिलं.

“हे पान खोटं हाय, ताई,” ते म्हणाले. “शिफ्ट सुटताना नाय. निरोप दुपारीच पोचला व्हता. ज्याच्या हाती धाडला त्यो अजून हाय गावात. हाक मारू का?”

आवाज अजिबात चढला नव्हता. थांबलो नाही हे खरं आहे, असंही ते म्हणाले. चार दिवसांच्या पावसानंतर जरा उघडीप होती, लाकडं भिजत चालली होती, वाट बघबघ बघितली आणि मग गावानं सांगितलं की आता उचला. एवढं बोलून ते गोठ्याकडे निघून गेले. सही मागायचा प्रश्नच नव्हता.

परत आलो तर इन्स्पेक्टर स्टँडवरच उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्यापुढे भर घालायची सोय नव्हतीच. त्यांनी ते ऐकलं, पान मागून घेतलं, आणि आमच्या दोघींच्या पुढे चालायला लागले. नंतर बरेच दिवस ते आले नाहीत. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पुस्तकही मिटलं. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला होता. भाजीवालीला बाजारात उभं करून सही घेणारा माणूस, आणि स्वतः काय लिहून बसला.

ते आले तेव्हा नवीन पान घेऊन आले. बसलेसुद्धा नाहीत, उभ्याउभ्या माझ्या हातात दिलं. लुगड्याची ओळ तशीच होती. पुढे लिहिलं होतं: ‘निरोप मला दुपारी मिळाला. हातातली तपासणी अर्धी झाली होती. ती पुरी करून मी निघालो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.’ शेवटची, कोणी न थांबल्याची ओळ काढून टाकली होती.

मी न विचारताच ते सांगू लागले. पंखाचा भाग टेबलावर होता. मध्येच सोडला तर दुसऱ्याला पहिल्यापासून करावं लागलं असतं. “मला वाटलं, आई तर गेलीच आहे. घाई जिवंत माणसासाठी करायची,” ते म्हणाले. मग म्हणाले, “धाकटा जिवंत होता, ते लक्षात नाही आलं.”

संपादक म्हणून मला सुचत होतं की हेच वाक्य पानात घ्यावं. मी तसं म्हणालेही. त्यांनी मान हलवली. झालं ते लिहिलंय, वाटलं ते नाही लिहायचं. या वेळी मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझा रागही तेवढ्यात कुठे गेला कळलं नाही.

हे पान घेऊन ते स्वतः गेले. पत्र्यांमध्ये एकच पान, चारी नट आवळलेले. दिवसभर काकू मला फोन करत होत्या आणि मी त्यांना. संध्याकाळी काकूंचा आवाज निराळाच होता. आले, त्या म्हणाल्या, जेवून आले. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर माझ्याकडे आले तेव्हा मी दारातच विचारलं, पास? ते म्हणाले, रिवर्क. भावाने पान वाचलं. दुपारच्या निरोपाच्या ओळीवर नुसता अंगठा फिरवला. मग म्हणाला, दादा, आईचं लुगडं हिरवं नव्हतं, निळं होतं. आणि बांधावर उंबर होता, तो तू लिहिलाच नाहीस. हे दुरुस्त करून आण, मग बघू. आणि आलाच आहेस तर जेवून जा.

मला हसू आवरेना. त्यांच्याच घराण्यातला त्यांना इन्स्पेक्टर भेटला होता. ते मात्र गंभीर होते. धाकट्याची नजर बारीक आहे, म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात एवढा अभिमान मी विमानांबद्दलही ऐकला नव्हता.

तिथून पुढे हा क्रमच होऊन बसला. दर दीड-दोन महिन्यांनी ते पान घोटीला जायचं आणि रिवर्क होऊन यायचं. उंबर आला, तर तो डाव्या अंगाला की उजव्या, हे निघालं. ते झालं, तर ज्या माणसाने निरोप आणला त्याची टोपी राहिली. टोपी आली, तर बैलांची नावं. इन्स्पेक्टर परत यायचे ते इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन, अंगाला चुलीच्या धुराचा वास घेऊन, कधी दोन दिवस राहून. कुंभमेळ्याच्या वर्षी एसट्या सगळ्या तिकडे लागल्या आणि त्यांना जाता येईना, तेव्हा ते माझ्याकडे येऊन अस्वस्थपणे बसायचे आणि बाकीच्या पास झालेल्या पानांमध्ये चुका शोधायचे. छापखान्याच्या मालकांनी आता आशा सोडली होती. त्यांचा मुलगा गादीवर बसायला लागला, छपाईचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आले, तरी आमचं पान होल्डवर ते होल्डवरच.

आता कॉम्प्युटरवर मजकूर माझ्याकडेच होता, त्यामुळे दुरुस्त्या मी करायची. एकदा माझ्या ध्यानात आलं की त्यांनी आणलेल्या पानावर लुगडं पुन्हा हिरवं झालंय. मी ते पहिल्याच फेरीत निळं केलं होतं. चुकून जुना मजकूर आला असेल म्हणून पुन्हा निळं केलं. पुढच्या खेपेला त्यांनी पान वाचलं, पेन काढलं, ‘निळं’ खोडून वर ‘हिरवं’ लिहिलं. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी म्हटलं, अहो, भाऊ प्रत्येक वेळी सांगतात ना निळं म्हणून? उंबर ऐकलात, टोपी ऐकलीत, बैल ऐकलेत, मग हे एवढंच का ऐकत नाही?

“हिरवं राहू द्या, मॅडम.”

“पण मग ते परत रिवर्क करतील.”

“करू द्या,” ते म्हणाले. “तो परत सांगेल, मी परत जाईन.”

एका अक्षराची ढिलाई कुणाला न देणारा हा माणूस. भावाने बाकी सगळ्या चुका काढून संपवल्या तरी एक उरावी म्हणून त्याने ती मुद्दाम सांभाळून ठेवली होती. मला त्या क्षणी ते इतके आवडले की उगाचच चहा करायला आत गेले. त्यानंतर मी लुगड्याला हात लावला नाही.

पुढे त्यांना दम लागायला लागला. एसटीच्या पायरीवर चढताना थांबावं लागे. काकू म्हणायच्या, आता पुरे करा, भावजींना म्हणावं सही करून टाका, पुस्तक डोळ्यांनी बघा तरी. मीही म्हणत होते. ते हो म्हणायचे आणि पान आवळून निघायचे. एका हिवाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मी पोचले तेव्हा घर भरलं होतं. संध्याकाळपूर्वी उरकू, असं नातेवाइकांमध्ये चाललं होतं. काकू पायाशी बसून होत्या. त्या फक्त एकदा बोलल्या, की धाकटे भावजी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. घोटीला तेव्हा भाताची झोडणी चालू होती. धाकटे आले ते अंगावर भाताचं कुसळ तसंच, पायात चप्पलसुद्धा नव्हती. ते आत गेले आणि भावाच्या उशाशी बसले. त्यांना उठवायला कुणी गेलं नाही. उन्हं उतरली तरी काकूंनी कुणाला त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून घेतलं. पुस्तक काढायचं, त्या म्हणाल्या, पण त्यांच्या नियमाने. त्यांनी पत्रे आणले आणि आम्ही दोघींनी, आळीपाळीने, समोरासमोरचे कोपरे धरून नट सैल केले. धाकटे भिंतीला टेकून बसले होते. मी पान त्यांच्यापुढे ठेवलं. मला वाटत होतं की ते लुगड्याशी अडतील, म्हणून मी आधीच म्हणाले की तुम्ही म्हणाल तो रंग करू, एका मिनिटाचं काम आहे.

त्यांनी नेहमीसारखं ओठ हलवत वाचलं. लुगड्याच्या ओळीशी थांबले.

“रंग बराबर हाय,” ते म्हणाले. “हिरवंच व्हतं. मी शेजारीच तर उभा व्हतो.”

मी म्हटलं, पण तुम्ही तर दर वेळी निळं म्हणायचात.

“दादाला म्हायती व्हतं.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. धाकट्यांनी माझ्याकडे पेन मागितलं, समासात ‘वाचलं. असंच झालं.’ असं दाबून दाबून लिहिलं, खाली सही केली आणि पान माझ्याकडे सरकवलं.

“घ्या, ताई,” ते म्हणाले. “आता सही करायला हरकत नाय. आता कुणाला बोलवायचंय?”